पंधरा गोळ्यांची पट्टी

गराडूचे दिवस सुरू झाले की
लोकमान्य नगर खोकू लागतं.
आधी शाळेची व्हॅन, मग व्हॅनचा ड्रायव्हर,
मग ज्या घरी नातू त्या घरचे आजोबा.
क्रम ठरलेला. मी शटर अर्धं वर करतो न करतो
तोच कुणीतरी वाकून आत बघतं:
"भिया, ती नारिंगीवाली द्या, आणि ते झिंक.
घरात सगळे खोकून राहिलेत."

मी डॉक्टर नाही. डी. फार्म., तेही उज्जैनहून,
दुसऱ्या प्रयत्नात.
पण अंगात पांढरा कोट, आणि काउंटर छातीइतका उंच,
त्यामुळे लोक मान वर करून विचारतात.

त्या वर्षी दवा बाजारातून
स्कूटरवर पायांच्या मधे खोकं धरून
जीवनसत्त्वं आणली मी,
जशी लोक पाहुण्यांकडे निघताना शेव नेतात, किलोनं.
माणशी दोनच पट्ट्या, अशी पाटी लावली.
एकेका घरातून चार-चार जण आळीपाळीनं आले;
तोंडं झाकलेली,
मी तरी कोणाकोणाला ओळखणार?

"यानं होणार नाही ना?"
"घ्या, नुकसान नाही."
हे वाक्य इतक्यांदा बोललो
की म्हणे झोपेत बायकोलाही म्हणालो.
नुकसान नाही.
फायद्याचं पुढे कुणी विचारलं नाही,
आणि मी तरी विचारायची वाट कुठे बघत होतो.

काल रेवाबाई टोकेकर आल्या.
शाळेत भूगोल शिकवायच्या; अजून पिशवीतून
वस्तू काढतात ती नकाशा उलगडावा तशी.
काउंटरवर चष्म्याची जुनी डबी ठेवली. उघडली.
आत गोळ्या. नारिंगी, पांढऱ्या,
ओल धरून एकमेकींना चिकटलेल्या.
"पेटीच्या भात्यामागे सापडली. एक्केचाळीस आहेत.
बाकीच्या कुठे टाकल्या देव जाणे."

मला समजेना. मग समजलं.
रोज सकाळी सातला
नवऱ्याच्या कपाशेजारी दोन गोळ्या ठेवायच्या त्या,
आणि दोन स्वतः गिळायच्या.
झिंकनं जिभेवर जुन्या नाण्याची चव यायची,
उपाशीपोटी ढवळायचं, तरी गिळायच्या.
रविवारी दुधातून डी-थ्रीची पुडी, कॅलेंडरवर फुली.

आणि दवाखान्यात नऊ दिवस कोण होतं? त्याच.
नळीचा वण अजून कानामागे आहे.
यांना साधी शिंक नाही.
परवाच रात्री सराफ्यात उभ्यानं गराडू खाऊन आले,
वरून जिरावण जास्त मागून.

"म्हणजे गोळ्यांनीच झालं की काय मला?"
त्या हसत होत्या.
मी म्हटलं, "बाई, दोन माणसांवरून काही ठरत नाही.
हजारो माणसं बघावी लागतात.
ज्याच्या अंगात कमी असेल त्याला होतो थोडा उपयोग. बाकी..."
"बाकी?"
मागे इन्शुलिनचा फ्रिज गुरगुरत होता.
"बाकी मी दुकानदार आहे."

पहिल्यांदाच बोललो हे.
काउंटर वीतभर बुटका झाला.

त्यांनी डबी मिटली, पिशवीच्या तळाशी सारली.
"एक पट्टी द्या. झिंक."
"आता कशाला?"
"कपाशेजारी ठेवायला. इतकी वर्षं ठेवतेय,
एकदम बंद केलं तर त्यांना कळेल
की मला कळलंय."

पंधरा गोळ्यांची पट्टी दिली.
सुटे दोन रुपये नव्हते,
बरणीतली एक नारिंगी, चघळायची, हातावर ठेवली.
त्यांनी ती तिथंच तोंडात टाकली
आणि पायरी उतरता उतरता खोकल्या. दोनदा.

कोरडा की ओला,
मी कान लावून उभा,
पुढच्या गिऱ्हाइकानं नाण्यानं काच वाजवेपर्यंत.